बकऱ्याने बोलायचं नाही

ताई बोलत नव्हती आणि मी खूश होतो. हे सांगायची आजही लाज वाटते, पण खरं तेच आहे. हेडफोनमध्ये चिडीचूप. स्क्रीनवर तिचं विमान झाडांच्या शेंड्यांवरून दोरी धरल्यासारखं सरळ चाललेलं. आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, वा ताई, याला म्हणतात बकरा!

थांबा, नीट सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, या माणसाचं डोकं फिरलंय. फिरलं होतंच, पण कसं ते कळायला हवं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. वय चोपन्न, पोट त्याहून मोठं, आणि तरीही ताई मला ‘टिल्लू’च म्हणते. ती माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली. सगळी हयात तिने इस्पितळात वॉर्डाची मुख्य नर्स म्हणून काढली. डॉक्टरसुद्धा तिच्यापुढे आवाज खाली करून बोलायचे, मग माझी काय कथा! मेव्हणे जाऊन सहा वर्षं झाली. ती एकटी राहते, माझ्यापासून बसने चार तासांवर. तिला शुगर आहे, दिवसातून तीनदा इन्सुलिनची सुई. शुगर चढली तर ती ओरडते, चिडते, ते एक वेळ परवडलं. पण उतरली की बसल्या जागी शुद्ध जाते. दोनदा तसं झालंय, एकदा जिन्यात, एकदा बँकेच्या रांगेत. दोन्ही वेळा आजूबाजूला माणसं होती म्हणून वाचली. घरात, दार लावून, एकटी असताना झालं तर काय, हा एकच विचार मला सहा वर्षं कुरतडतोय.

“माझ्याकडे ये,” म्हणून मी हातापाया पडलो. तर म्हणते, “तुझ्या घरात दोन तोंडं आधीच भांडतायत, तिसरं कशाला?” रोज फोन करायला लागलो. तर म्हणाली, “हजेरी घेतोस का माझी? मी पेशंट आहे का तुझी?” आणि उचलायचीच नाही. आमच्या ताईला कोणी काळजी केलेली खपत नाही. काळजी करायची ती तिने.

मग मी बहाणा शोधला. मला विमानांच्या लढाईच्या त्या ऑनलाइन खेळाचा नाद होता. जुन्या महायुद्धातली विमानं, सोळा विरुद्ध सोळा, जगभरातली माणसं. मी तिच्याकडे एक बरा कॉम्प्युटर, जॉयस्टिक आणि हेडफोन नेऊन बसवले आणि म्हटलं, “ताई, मला जोडीदार नाही गं, रोज मरतो, जरा मदत कर.” मदत म्हटल्यावर ती आली. माझी पाळी दुपारी तीनला सुरू होते. म्हणून रोज अकरा ते एक आम्ही दोघं आकाशात. त्या दोन तासांत तिचा आवाज माझ्या कानात असायचा, आणि रोज एक वाजता मी मनात म्हणायचो, चला, आजचा दिवस निघाला.

सहा महिन्यांत ती माझ्यापेक्षा पटाईत झाली. साहजिक आहे, आयुष्यभर तिने चार हातांचं काम दोन हातांनी केलंय.

तिचा हट्ट एकच, विमान जुनंच घ्यायचं. खेळात जसजसे गुण मिळतात तशी नवी, वेगवान विमानं मिळतात. सगळे ती घेतात. ताई म्हणायची, “भारी विमानात कोणीही जिंकतं. त्यात काय कौतुक?” त्यामुळे आमची विमानं म्हणजे दोन म्हातारे बैल. वेग नाही, चढता येत नाही. समोरचा वरून येणार, धाडधाड गोळ्या मारणार आणि आपण वळेपर्यंत परत ढगात.

पण म्हाताऱ्या बैलाला एक गोष्ट येते, जागच्या जागी वळता येतं. सगळी युक्ती त्या एका गोष्टीवर. पळायचं नाही, कारण पळून तुम्ही वाचत नाही. चढायचं नाही, कारण वर त्याचं राज्य. खाली, झाडांजवळ राहायचं आणि त्याला येऊ द्यायचं. तो वेगात आहे, तुम्ही हळू आहात, त्याला वाटतं सोपी शिकार. तो अगदी जवळ आला, आता गोळी सुटणार, की एकदम कचकन वळायचं. वेगामुळे तो थांबू शकत नाही, तो तुमच्या पुढे निघून जातो, आणि मग क्षणभर त्याची पाठ तुमच्यासमोर. क्षणभरच. हुकलं तर त्याच्यामागे वर चढायचं नाही. वर चढलात की वेग संपतो आणि तुम्ही हवेत लटकता, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे.

दोघं असलो की त्याहून सोपं. एकाने सरळ उडायचं, मुकाट, काही माहीत नसल्यासारखं. दुसऱ्याने बाजूला, थोडं वर, ढगाआड थांबायचं. भारी विमानवाला पहिल्याच्या मागे लागला की दुसऱ्याने कापायचा. ताई बकरा, मी खाटीक. कारण सरळ उडायला जी छाती लागते ती माझ्यात नाही. माझ्या मागे कोणी लागलं की मी डावं-उजवं करत बसतो.

आणि बकऱ्याने बोलायचं नाही, हा तिचाच नियम. एकदा ती मध्येच म्हणाली, “आला रे, आला!” मी मोजत होतो ते विसरलो, लवकर गोळी झाडली आणि तिचंच शेपूट उडवलं. त्या दिवशी तिने मला नवीन नर्सला झापावं तसं झापलं, आणि वर ठरवून टाकलं, बकरा गप्प. काम फत्ते झालं की ती एकच शब्द बोलायची, “ठीक.” तिच्या तोंडून तो शब्द म्हणजे माझी दिवाळीच.

तर तो मंगळवार. साडेबारा होऊन गेले होते. “ताई, सुई घेतलीस ना? मग जेवून घे,” मी म्हटलं. “ही एक फेरी होऊ दे, ताट वाढून ठेवलंय,” ती म्हणाली. आणि मी, गाढव, म्हटलं, “बरं.” सुई घेतल्यावर जेवण लांबवायचं नसतं हे मला तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी आम्ही आधीच्या तीन फेऱ्या जिंकल्या होत्या आणि मलाही चौथी हवी होती.

फेरी सुरू झाल्यावर दोनेक मिनिटांनी ती म्हणाली, “चार नंबरचं सलाईन संपत आलंय, बघ.”

मी हसलो. म्हटलं, “हो सिस्टर, आत्ता बदलतो.” ती कधीकधी अशी थट्टा करते, वॉर्डातली भाषा खेळात आणते. ती “हं” म्हणाली. आणि मग ती गप्प झाली, तिचं विमान सरळ झालं, खाली गेलं, आणि मला वाटलं, ठरलं, बकरा तयार.

निळ्या नाकाचं एक विमान वरून तिच्यावर आलं. मी ढगाआडून निघालो. मोजलं. आठशे, सहाशे, चारशे. सुरेख! ताई हललीसुद्धा नाही. तिने मेंढरासारखं इतकं सरळ उडावं की मलाच भीती वाटावी. तीनशेवर मी कापलं आणि निळ्या नाकाचा पंख तुटून खाली गेला. मी घरात ओरडलो, “मेला! मेला!”

“ठीक” आलं नाही.

मी म्हटलं, “ताई, बघितलंस का?” काही नाही. शिकार झाली की बकऱ्याने डावीकडे वळून परत यायचं असतं. ती वळली नाही. तिचं विमान तसंच सरळ, त्याच उंचीवर, त्याच वेगाने चाललं होतं. मी हेडफोन कानांवर दाबून धरला. तेव्हा ऐकू आलं. श्वास. जड, ओला, घोरल्यासारखा. मध्ये एक थांबा, मग परत.

मी ओरडलो, “ताई! साखर खा! टेबलावर डबी आहे, साखर खा!”

श्वास.

आता ऐका मी काय केलं. माझा फोन माझ्या डाव्या कोपराजवळ होता. हात लांबवायचा अवकाश. तिच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई राहतात, त्यांचा नंबर त्यात होता. पण माझा उजवा हात जॉयस्टिकवर होता, डावा वेगाच्या दांड्यावर, आणि वर आकाशात आणखी दोन निळी नाकं दिसत होती. ती तिच्याकडे वळत होती.

मी हात सोडला नाही.

मला तेव्हा वाटलं, कारण आहे. त्या खेळात विमान पडलं की तुम्ही फेरीतून बाहेर, आणि आवाजाची लाइनही बंद. तिचं विमान पडलं तर तिचा श्वास ऐकू येणं बंद होणार, माझा आवाज तिच्या कानात जाणं बंद होणार. ती एकटी पडणार. म्हणून विमान वाचवायचं. मी स्वतःला हे सांगितलं आणि ते मला पटलं. भ्यालेल्या माणसाला काहीही पटतं.

मी तिच्या मागे, थोडा खाली जाऊन बसलो. पहिला वरून आला. मी त्याच्या तोंडाला तोंड देऊन वळलो, तो बिचकला, त्याचा नेम चुकला. तो पुढे निघून गेला, मला त्याची पाठ दिसली, मी झाडल्या, लागल्या नाहीत. त्याच्यामागे वर गेलो नाही. एवढं भान मला होतं बघा! त्या अवस्थेतही मी युक्ती विसरलो नाही, वर चढायचं नाही, खाली राहायचं, ताईजवळ. आणि सगळा वेळ तोंडाने, “ताई, ऐक, डबी उघड, ताई, टिल्लू बोलतोय, साखर, ताई, माझं ऐकायचं, आयुष्यात एकदा तरी माझं ऐक.”

दाराशी बायको आली. तिची शाळा सकाळची, ती साडेअकराला घरी येते. हातात वह्यांचा गठ्ठा, नाकावर चष्मा. “अहो, काय चाललंय? शेजारी ऐकू जातंय.”

मी तिच्याकडे न बघता हात झटकला. “थांब जरा!”

ती गेली. तिची काय चूक? या घरात मी रोज अकरा ते एक “ताई! ताई! मागे बघ! मेलो!” असाच ओरडत असतो. खरं सांगायचं तर तिच्या एका फोनने काम झालं असतं. मी एवढं बोललो असतो तर पुरलं असतं, ‘खालच्या बाईंना फोन लाव.’ चार शब्द. माझ्या तोंडातून दोन आले, आणि तेही नको ते.

दुसरा आला. हा हुशार होता, माझ्याकडे येत नव्हता, सरळ तिच्याकडे जात होता. मी वेग पुरा टाकला तरी पोचेना. त्याच्या गोळ्या तिच्या पंखाला लागल्या, विमान जरासं डुललं आणि परत सरळ झालं. डुललं तेव्हा मला वाटलं, तिने सावरलं, तिचा हात हलला, ती आहे! मी आनंदाने रडायच्या बेतात. आता वाटतं, तिचा हात नुसता जॉयस्टिकवर पडलेला असणार, वजनाने. तो निळ्या नाकाचा तिच्या पुढे निघून गेला आणि नेमका माझ्यासमोर आला. मी बोट दाबून धरलं. पेटला. दोन झाले. उरलेला एक घाबरला की कंटाळला कोण जाणे, ढगात गेला तो परत आलाच नाही.

तीन भारी विमानं, दोन म्हातारे बैल, त्यातला एक बेशुद्ध. असा खेळ मी जन्मात खेळलो नव्हतो. आकाश मोकळं झालं. आणि समोर डोंगर दिसला.

तो नकाशा मला पाठ आहे. झाडं संपली की डोंगर. त्याच्याआधी प्रत्येक जण वळतो, वळतोच, त्यात विचार करायचाही नसतो. तिचं विमान त्याच उंचीवर, त्याच वेगाने, डोंगराकडे.

“ताई, डावीकडे! ताई, उचल! ताई गं!”

मी काय करणार होतो? निळ्या नाकांना मारता येतं. डोंगराला काय करणार? मी तिच्या बाजूला जाऊन उडत होतो, पंखाला पंख लावून, जणू मी तिला कोपराने ढकलून वळवणार आहे. तिचा श्वास कानात येत होता. एक. थांबा. एक. थांबा फार लांबला. आणि मग स्क्रीनवर केशरी डाग उठला, आणि कानात काहीच उरलं नाही.

तेव्हा माझे हात सुटले. मी सोडले नाहीत, ते सुटले.

फोन उचलला. दोनदा भलताच नंबर लागला. तिसऱ्यांदा खालच्या बाई बोलल्या. मागे शिलाई मशिनचा आवाज. मी काय बोललो मला आठवत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊ, फोन ठेवू नका,” आणि मला त्यांच्या चपला जिन्यावर वाजताना ऐकू आल्या.

त्यांच्याकडे किल्ली होती. कुलूप उघडलं. पण आतून साखळी होती. ती साखळी मी बसवली होती, गेल्या सालीच, ताई एकटी राहते म्हणून. लिफ्टच्या कामाचे लांब स्क्रू घालून, भक्कम. “आता कोणाचा बाप येत नाही आत,” असं मी तेव्हा ऐटीत म्हणालो होतो. आता मी फोन कानाला लावून उभा होतो आणि तिकडे दारावर लाथा बसत होत्या. शेजारचा इस्त्रीवाला आला होता. एक लाथ, दोन लाथा. बाई फटीतून हाका मारत होत्या, “सिस्टर! सिस्टर!” पाच. सहा. मी माझ्याच साखळीला शिव्या घालत होतो. नवव्या लाथेला चौकट फुटली.

बायको आता माझ्याजवळ उभी होती. तिने स्वतःच्या फोनवरून तिकडची अॅम्ब्युलन्स बोलावली, पत्ता नीट सांगितला. मला तो पत्ता त्या क्षणी आठवला नसता.

“भाऊ,” खालच्या बाई म्हणाल्या, “खुर्चीत आहेत. सगळ्या घामाने भिजल्यात. डोळे अर्धे उघडे. दूध पाजू का साखरेचं?”

“नाही! काही पाजू नका! घशात जाईल!” हे ताईनेच मला शिकवलं होतं. “कुशीवर झोपवा. बोटावर साखर घ्या, हिरड्यांना चोळा. आतून. चोळत राहा.”

“श्वास फार हळू चाललाय हो.”

मी खाली बसलो. फरशीवर, टेबलाखाली, तारांच्या गुंत्यात. चोपन्न वर्षांचा बाप्या मी, टेबलाखाली बसून देवाला म्हणत होतो, तिला नेलंस तर मीही येतो, नाहीतर तिला सोड. भीतीत माणूस देवाशीसुद्धा धमकीनेच बोलतो. तेवीस मिनिटांनी अॅम्ब्युलन्स आली. ती तेवीस मिनिटं कशी गेली ते मी सांगणार नाही. सांगताच येत नाही.

शिरेतून ग्लुकोज गेलं आणि ताईने डोळे उघडले. बाई म्हणाल्या, उघडल्या उघडल्या त्यांनी सुई टोचणाऱ्याला विचारलं, “हात धुतलेस का?” हे ऐकलं आणि मी जो रडायला लागलो, तो बायकोने पाणी आणेपर्यंत थांबलोच नाही.

बसमध्ये चार तास बायको खिडकीशी, मी कडेला. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, “मी आले होते तेव्हा... तेव्हाच वन्संना झालं होतं का?”

मी म्हटलं, “नाही. त्यानंतर.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मग बाहेर बघायला लागली. तिला कळलं असावं. इस्पितळात डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, “बेशुद्ध झाल्यापासून किती वेळात कळवलंत?” ताई शेजारी पलंगावर पडली होती, टक्क जागी. मी म्हटलं, “लगेच. मिनिटभरात.”

“नशीब त्यांचं,” डॉक्टरीण म्हणाली आणि लिहून घेतलं.

त्या रात्री मी ताईच्या घरी फुटकी चौकट ठोकत बसलो, आणि हातोडी हातात असताना मला आठवलं. आमची प्रत्येक फेरी रेकॉर्ड होते. चित्र आणि आवाज दोन्ही, माझ्या बाजूचं सगळं तिच्या कॉम्प्युटरवर जमा होतं, कारण ताईला दुसऱ्या दिवशी चुका काढायच्या असतात. कुठे लवकर वळलो, कुठे उशिरा. वॉर्डातही ती तसंच करायची, पेशंट वाचो की जावो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून, काय चुकलं ते सांगा.

पुसून टाकता आलं असतं. कॉम्प्युटर समोर होता, बायको इस्पितळात ताईजवळ, घरात मी एकटा. हात पुढेही गेला. पण ती फेरी नाहीशी झाली की ती लगेच विचारणार, आणि तिच्यासमोर दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी टाप नव्हती. झोपलो नाही. वाघासमोर शेळी बांधावी तसा मी त्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी ताई घरी आली. जेवली, औषधं घेतली, खालच्या बाईंना नवी साडी द्यायची ठरवली, इस्त्रीवाल्याचा पाय दुखतोय का ते विचारून आली. बायको शाळेसाठी आदल्या दिवशीच परत गेली होती. मग ताई चष्मा पुसत म्हणाली, “चल टिल्लू. मंगळवारची फेरी लाव.”

“राहू दे की. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय.”

“बसून बघणं म्हणजे विश्रांतीच. लाव.”

लावली. ती खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर. सलाईनचं वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, “इथेच गेले मी.” स्क्रीनवरच्या घड्याळाकडे बघून तिने वहीत वेळ लिहिली. पहिलं निळं नाक पडलं. माझा आवाज आला, साखर खा, साखर खा. तिचा श्वास आला. स्वतःचा तसला श्वास ती अगदी शांतपणे ऐकत होती, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मी जमिनीकडे बघत होतो. मग माझा तो आवाज आला.

“थांब जरा!”

तिने चित्र थांबवलं. “हे कोणाला म्हणालास?”

“बायकोला.”

“ती कशाला आली होती?”

“मी ओरडत होतो म्हणून.”

तिने परत सुरू केलं. शेवटपर्यंत बघितलं, डोंगरापर्यंत. मग वहीत दुसरी वेळ लिहिली आणि वजाबाकी केली.

“चार मिनिटं वीस सेकंद,” ती म्हणाली. “डॉक्टरला काय सांगितलंस, मिनिटभर?”

मी मान हलवली. पाच वर्षांचा असताना मी तिची शाईची दौत फोडली होती, तेव्हाही असाच मान खाली घालून होतो तिच्यासमोर. म्हटलं, “ताई, फोन इथे होता. इतका जवळ. मी... मी विमान वाचवत बसलो.”

“दिसलं मला.”

“तू गेली असतीस.”

“गेले असते,” ती म्हणाली. “माझ्या वॉर्डात असतास तर त्याच दिवशी घरी पाठवला असता तुला. भरवशाच्या म्हशीला टोणगा!” मग तिने चित्र थोडं मागे नेलं, दुसरं निळं नाक पेटतं तिथे, आणि परत बघितलं. परत एकदा बघितलं. “पण हे वळण काय घेतलंस रे! मला नसतं जमलं.”

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, ती मला माफ करतेय, समजूत घालतेय. पण ताई समजूत घालत नाही. मेव्हणे गेले तेव्हासुद्धा तिने माझी घातली नव्हती.

“खरं सांगू?” ती चष्मा काढत म्हणाली. “तू असा खुर्चीत पडला असतास आणि मी तुझ्या मागे असते, तरी मीही आधी विमानच वाचवलं असतं.”

हे ती अगदी सरळ म्हणाली, वहीतली वेळ वाचून दाखवावी तसं. ती खोटं बोलत नव्हती, चेहऱ्यावरून मला कळतं. सहा वर्षं मी फक्त तिच्यासाठी घाबरत होतो. त्या दुपारी पहिल्यांदा स्वतःसाठी घाबरलो.